एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला टीबी होऊ नये म्हणून घरच्यांनी काय करावे

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचा जीव आजही सर्वांत जास्त घेतो तो क्षयरोग, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला टीबी. हा टीबी पुष्कळदा टाळता येतो आणि टाळता आला नाही, तरी वेळीच ओळखला तर पूर्ण बरा होतो. एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे (एआरटी) जिथे मिळतात तिथले, डॉक्टर आणि समुपदेशक त्यासाठी आपल्या परीने प्रयत्न करतात. पण ते रुग्णाला महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा, तेही मोठ्या रांगेतल्या काही मिनिटांपुरते पाहतात. रात्री कोण किती वेळा खोकले, कोणाचे जेवण अर्धी भाकरी कमी झाले, कोणाचा शर्ट खांद्यावरून सैल दिसू लागला, हे घरच्यांनाच दिसते. म्हणून हे लेखन घरच्यांसाठी आहे.

गेली नऊ वर्षे मी माझ्या धाकट्या भावाबरोबर एआरटी केंद्रात जाते. त्याला सुरुवातीलाच टीबी झाला होता. त्या वेळी त्याचा खोकला आम्ही सर्वांनी ऐकला होता, पण पाऊस नुकताच संपला होता आणि ‘हवा बदलली की होतेच’ असे म्हणत आम्ही पाच आठवडे आल्याचा काढा देत राहिलो. त्या पाच आठवड्यांत त्याचे वजन सहा किलोने उतरले होते, हे आम्हाला तपासणीच्या दिवशी काट्यावर कळले. पुढे जे काही सांगते आहे, ते तेव्हा आम्हाला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

हा धोका वेगळा का आहे

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. फुफ्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा ते बाहेर पडतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. आपल्या देशात अनेकांच्या शरीरात हे जंतू आधीच शिरलेले असतात, पण प्रतिकारशक्ती त्यांना झोपवून ठेवते. अशा माणसांपैकी साधारण शंभरात पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. एचआयव्ही नेमका ह्या राखणीवर घाव घालतो, त्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला टीबीचा आजार होण्याचा धोका इतरांच्या दहा पटींहून अधिक असतो. एआरटी नियमित घेतल्याने तो पुष्कळ कमी होतो, पण इतरांइतका खाली येत नाही. ‘व्हायरल लोड सापडत नाही, मग आता काळजी कसली’ हा समज म्हणूनच अपुरा आहे. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाल्याच्या त्या अहवालाचा आनंद घरात अवश्य साजरा करावा, पण खोकल्याकडे लक्ष ठेवणे सोडू नये.

दुसरी गोष्ट अशी की, अशा माणसाचा टीबी पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल तर बेडक्यात जंतू कमी सापडतात आणि छातीचा एक्स-रेसुद्धा कधी स्वच्छ दिसतो. आजार फुफ्फुसाऐवजी मानेच्या गाठीत, पोटात, मणक्यात किंवा मेंदूच्या आवरणातही असू शकतो. केस आणि नखे सोडून टीबी कुठेही होऊ शकतो असे दवाखान्यातल्या सिस्टर सांगतात, ते अक्षरशः खरे आहे.

चार प्रश्न, दर आठवड्याला

एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचारल्या जातात: खोकला आहे का, ताप आहे का, वजन कमी झाले आहे का, रात्री घाम येतो का. हेच चार प्रश्न घरात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी विचारावेत. आमच्याकडे रविवारी सकाळच्या चहाच्या वेळी ते विचारले जातात. सुरुवातीला भावाला ती चौकशी जाचायची. मग आईने आधी स्वतःचे उत्तर द्यायला सुरुवात केली, ‘मला खोकला नाही, ताप नाही,’ आणि मग वहिनीने, आणि मग त्याने. प्रश्न सर्वांना विचारले गेले की ते एका माणसावरचे पहारे राहत नाहीत. शिवाय इतरांनाही ते विचारणे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचेच आहे. त्याविषयी पुढे सांगते.

ह्यातला प्रत्येक प्रश्न थोडा नीट समजून घ्यायला हवा. इतरांच्या बाबतीत दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला तपासावा असे सांगितले जाते, परंतु एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसासाठी ही मुदत लागू नाही. त्याला आज खोकला असेल, तर तो कितीही दिवसांचा असला तरी उत्तर ‘होय’ असेच धरायचे. ताप म्हणजे फणफणून आलेलाच ताप नव्हे. संध्याकाळी अंगात कणकण वाटते, डोळे जळजळतात, सकाळी पुन्हा बरे वाटते, असा ताप माणूस स्वतःहून सांगत नाही, म्हणून एक थर्मामीटर घरात ठेवावा आणि शंका आली की संध्याकाळी लावून पाहावा. रात्रीच्या घामाबद्दल विचारताना उन्हाळ्याचा घाम कोणता आणि आजाराचा कोणता, असा गोंधळ होतो. पंखा चालू असताना किंवा थंडीच्या दिवसांतही उशीचा अभ्रा आणि बनियन ओले होत असेल, तर तो घाम केंद्रात सांगण्यासारखा आहे. कपडे धुणाऱ्या व्यक्तीला हे सर्वांत आधी कळते.

वजनाचा प्रश्न मात्र डोळ्यांनी सोडवता येत नाही. रोज समोर असलेला माणूस बारीक होताना घरच्यांना दिसत नाही आणि चार महिन्यांनी आलेल्या आत्याला तो दारातच दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, साधारण सारख्याच कपड्यांत, चप्पल काढून वजन करावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. घरात वजनकाटा नसेल तर पिठाच्या गिरणीतला काटा चालतो. आमच्या गिरणीत भाऊ महिन्याच्या पहिल्या शनिवारी दळणाचा डबा उतरवून त्याच काट्यावर उभा राहतो, आणि तो आकडा मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिते. पुढच्या वेळी केंद्रात जाताना त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असला म्हणजे पुरे. उपवास, कामाची दगदग, मनाला लागलेली चिंता, अशी वजन उतरण्याची कारणे आपण स्वतःच शोधून काढतो, आणि ती खरीही असू शकतात. पण कारण ठरवण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे.

लहान मूल एचआयव्हीसह वाढत असेल तर प्रश्न थोडे बदलतात. मुलाचे वजन कमी झाले का, ह्याबरोबर ते वयाप्रमाणे वाढते आहे का हे पाहायचे, आणि घामाऐवजी घरात, शेजारी, शाळेच्या व्हॅनमध्ये कोणाला टीबी झाला आहे का हे विचारायचे. आईवडील नसलेली अशी कितीतरी मुले आपल्याकडे आजी-आजोबांजवळ वाढतात. त्या आजी-आजोबांचा खोकला हा त्या मुलासाठी सर्वांत जवळचा धोका असतो.

चारपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी ‘होय’ आले, तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता एक-दोन दिवसांत एआरटी केंद्र गाठावे. मानेत किंवा काखेत गाठ, छातीत दुखणे, दम लागणे, बेडक्यातून रक्त, न थांबणारी डोकेदुखी आणि त्यासोबत उलट्या किंवा बोलण्यात गोंधळ, ह्यांपैकी काही असेल तर एक दिवससुद्धा थांबू नये. मेडिकलमधून खोकल्याचे औषध आणि अँटिबायोटिक आणून पाहण्यात जे दोन-तीन आठवडे जातात, तेच पुढे महागात पडतात.

बेडका तपासायला देताना

हे काम सोपे वाटते आणि म्हणूनच ते बिघडते. डबीत थुंकी नको असते, छातीतून आलेला घट्ट बेडका हवा असतो. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि पोटातून जोर लावून खोकावे. हे घराबाहेर, अंगणात किंवा गच्चीवर करावे, आणि त्या वेळी जवळ कोणी उभे राहू नये. डबीचे झाकण घट्ट लावून ती त्याच दिवशी पोहोचवावी. बेडका येतच नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. रिकामा हात दाखवायला नको म्हणून लाळ भरून दिली, तर अहवाल खोटा दिलासा देतो.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ह्या यंत्रांवर हीच तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, हेही त्यातून कळते. अहवालात जंतू सापडले नाहीत, पण ताप आणि वजन उतरणे चालूच आहे, अशा वेळी ‘निगेटिव्ह आले, सुटलो’ असे म्हणून घरी परतू नये. एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, गाठीतले पाणी, लघवीची तपासणी असे पुढचे मार्ग असतात. ‘सर, अजून ताप येतो आहे, आता पुढे काय तपासायचे?’ एवढे एक वाक्य सोबत गेलेल्या माणसाने विचारले, तरी त्या भेटीचे सार्थक होते. आजारी माणसाला त्या क्षणी ते सुचत नाही.

खोकला घरातल्या दुसऱ्या कोणाला असेल तर

ह्या बाबतीत बहुतेक घरे चुकतात. सगळे लक्ष एचआयव्ही असलेल्या माणसाकडे असते आणि कोपऱ्यातल्या खाटेवर सासरे दोन महिने खोकत असतात, बिडीचा खोकला म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. टीबीचा जंतू घरात येतो तो अशाच एखाद्या जवळच्या माणसाकडून. मधुमेह असलेले, विडी-सिगारेट ओढणारे, वयस्कर, दगडाच्या खाणीत किंवा धुळीत काम करणारे, नुकतेच टीबी रुग्णाच्या सहवासात राहून आलेले, ह्या सगळ्यांचा दोन आठवड्यांवरचा खोकला तपासून घेणे ही एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाची थेट काळजी आहे. आशाताईंना सांगितले तर त्या तपासणीची व्यवस्था करून देतात.

घरात कोणाला फुफ्फुसाचा टीबी निघालाच, तर त्याच्या औषधपाण्याचे आणि रात्रीच्या सोबतीचे काम निदान सुरुवातीचे काही आठवडे एचआयव्ही असलेल्या व्यक्तीकडे देऊ नये. आपल्या घरांत सेवेचे काम आपोआप सुनेकडे किंवा मोठ्या मुलीकडे जाते, आणि तिला स्वतःला एचआयव्ही असला तरी ती ‘नाही’ म्हणत नाही. तिच्या वतीने ते दुसऱ्या कोणीतरी म्हणावे लागते. योग्य औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून संसर्ग पसरण्याचे प्रमाण साधारण दोन-तीन आठवड्यांत बरेच खाली येते. औषधाला दाद न देणारा टीबी असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबावे. त्याच वेळी घरातल्या इतरांनाही तपासणीनंतर प्रतिबंधक गोळ्या मिळू शकतात, त्या नाकारू नयेत.

प्रतिबंधक गोळ्या: सुरुवात सोपी, शेवट अवघड

चारही प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील आणि सध्या टीबीचा आजार नाही अशी डॉक्टरांची खात्री झाली, तर एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला टीबी होऊ नये म्हणून गोळ्यांचा एक कोर्स दिला जातो. त्यासाठी हातावरची टोचून करायची चाचणी असलीच पाहिजे असे नाही. दोन पद्धती आपल्याकडे प्रचलित आहेत. एकीत आयसोनियाझिडची 300 मिलिग्रॅमची गोळी सहा महिने रोज घ्यायची, आणि तिच्याबरोबर हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-6 जीवनसत्त्वाची गोळी असते. दुसरीत आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन ही औषधे आठवड्यातून एकदाच, सलग बारा आठवडे घ्यायची. कोणती पद्धत योग्य, हे वय, वजन, गरोदरपण आणि चालू असलेली एआरटी पाहून केंद्रातच ठरते. डोल्युटेग्राविर असलेल्या नेहमीच्या एआरटीबरोबर आठवड्याची पद्धत प्रौढांना चालते. नेव्हिरापिन किंवा अॅटाझानाविर, लोपिनाविर ह्या गटातली औषधे चालू असतील तर चालत नाही. गरोदर स्त्रीला रिफापेंटिन देत नाहीत, आणि ते चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून त्याबद्दल संकोच न करता विचारावे.

‘आजारच नाही, तर औषध कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आमच्या आईनेही तो विचारला होता, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मिळते: तिथे सहा महिने आयसोनियाझिड घेतलेल्या एचआयव्हीबाधितांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण 37 टक्क्यांनी कमी आढळले, आणि हा फायदा एआरटीच्या फायद्याव्यतिरिक्तचा होता. आईला आकडा सांगून पटले नसते. तिला समुपदेशक ताईंनी विचारले, ‘ज्वारीच्या कणगीत पोरकिडे दिसल्यावर निंबाचा पाला घालता की आधीच?’ त्यानंतर भावाच्या गोळ्यांची आठवण तीच करू लागली.

कोर्स सुरू करणे सोपे असते. अडचण येते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा काहीही होत नसते, तब्येत चांगली असते आणि गोळी विनाकारण वाटू लागते. इथे घरच्यांचा खरा उपयोग आहे. रोजची गोळी असेल तर तिला एखाद्या न चुकणाऱ्या कामाशी जोडावे, जसे सकाळचे दूध तापवणे किंवा देवापुढे दिवा लावणे. आठवड्याची असेल तर वार पक्का करावा आणि कालनिर्णयावर बारा आठवड्यांचे बारा गोल आधीच काढून ठेवावेत. गोळ्या घेतल्या की गोल भरायचा. गोळ्यांचे रिकामे पाकीट फेकू नये, पुढच्या भेटीत ते दाखवता येते. आठवड्याचा डोस चुकला आणि दोन दिवसांच्या आत लक्षात आला, तर लगेच घ्यावा आणि पुढचा डोस नेहमीच्या वारीच घ्यावा. त्याहून उशिरा लक्षात आला, तर आठवला त्या दिवशी घ्यावा आणि तिथून पुढे तोच वार धरावा. राहून गेलेले भरून काढण्यासाठी दोन डोस एकदम कधीही घेऊ नयेत. चुकल्याचे घरी आणि केंद्रात मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. ओरडा बसतो म्हटल्यावर माणूस ‘घेतली’ असे सांगतो, आणि मग खरी परिस्थिती कोणालाच कळत नाही.

दुष्परिणामांची माहिती घरातल्या एकाला तरी तोंडपाठ असावी. रिफापेंटिनमुळे लघवी, घाम, अश्रू केशरी रंगाचे होतात. ते घाबरण्यासारखे नाही, पण आधी माहीत नसेल तर माणूस भेदरून औषध बंद करतो. जेवणावरची वासना उडणे, सतत मळमळ, उलट्या, पोटात उजव्या बरगडीखाली दुखणे, चहासारखी गडद लघवी, डोळे पिवळे होणे ही मात्र यकृताला त्रास होत असल्याची खूण आहे. अशा वेळी ह्या प्रतिबंधक गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. एआरटी मात्र त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये. हातापायांना मुंग्या, जळजळ, अंगावर पुरळ, हेही कळवावे. कोर्स चालू असताना दारू घेतली तर यकृतावर दुहेरी भार पडतो. घरात लग्न असो की गावची जत्रा, आग्रह करणाऱ्यांना आवरणे हे सोबतच्या माणसाचे काम आहे. ‘त्याला काविळीचे औषध चालू आहे’ एवढे सांगितले तरी लोक आग्रह सोडतात. काविळीवरच्या झाडपाल्याचा किंवा कोणत्याही पुडीचा प्रयोग ह्या काळात करू नये. कोकणात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: आयसोनियाझिड चालू असताना शिळा किंवा नीट बर्फात न ठेवलेला बांगडा किंवा तसा दुसरा मासा खाल्ला, तर चेहरा लाल होणे, डोके दुखणे, धडधडणे असा त्रास होऊ शकतो. मासे ताजेच आणावेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा भाग जास्तच महत्त्वाचा आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची टोळी कोल्हापूर-सांगलीच्या फडावर गेली की सहा महिन्यांचा कोर्स मध्येच तुटतो. निघण्याआधी केंद्रात जाऊन आपण कुठे आणि किती महिने जाणार हे सांगावे, जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात किंवा तिकडच्या केंद्राच्या नावाने चिठ्ठी घ्यावी. बारा आठवड्यांची पद्धत मिळू शकत असेल आणि पावसाळ्यातच सुरू केली, तर ती फडावर जाण्याआधी पूर्णही होते. गोळ्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ठेवताना पाण्यापासून आणि उन्हापासून जपाव्यात; घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम.

हवा हवी, वेगळे ताट नको

टीबी ताटातून, कपातून, कपड्यांतून, एका चादरीवर बसल्याने होत नाही. एचआयव्हीही तसा पसरत नाही. तरीही ताट-वाटी वेगळी करण्याचा प्रकार घरोघरी दिसतो. आमच्या घरीही भावाचा पेला वेगळ्या खिळ्यावर टांगला जायचा. तो वहिनीने एके दिवशी कोणालाही न विचारता उचलून इतर पेल्यांत मिसळून टाकला, आणि त्या दिवसापासून भाऊ पुन्हा सगळ्यांबरोबर पंगतीला बसू लागला. एकटा जेवणारा माणूस कमी जेवतो, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि कमी जेवणे हे टीबीला आमंत्रण आहे.

जपायची ती हवा. दिवसा समोरासमोरच्या खिडक्या-दारे उघडी ठेवावीत, कपाटामागे झाकलेली खिडकी मोकळी करावी, शक्य असेल तिथे ऊन आत येऊ द्यावे. चाळीतल्या एका खोलीत सात जण झोपत असतील तर खोकणाऱ्याची जागा खिडकीजवळ करावी आणि पंखा असा ठेवावा की वारा त्याच्याकडून बाहेर जाईल, इतरांवर येणार नाही. खोकणाऱ्याने मास्क किंवा रुमाल लावावा. दवाखान्यात गर्दी असेल तर नंबर लावून एचआयव्ही असलेल्या माणसाने बाहेर झाडाखाली थांबावे आणि सोबतच्याने रांग धरावी. सोबत जाण्याचा हा अगदी साधा, पण मोठा उपयोग आहे. घरात विडी-सिगारेट ओढू नये, चुलीचा धूर खोलीत कोंडू देऊ नये.

खाण्याबद्दल एवढेच की महाग टॉनिकची गरज नसते. भाकरीबरोबर मटकी, हुलगे, हरभरा, मूठभर शेंगदाणे, परवडत असेल तर रोज एक अंडे किंवा आठवड्यातून दोनदा मासे-मटण, नाचणीची आंबील, आणि वेळेवर जेवण.

घरात कोणाला किती सांगायचे

हे सगळे करायला घरात निदान एका माणसाला सगळे माहीत असावे लागते. तो माणूस कोण असावा, हे ज्याला एचआयव्ही आहे त्यानेच ठरवायचे. बाकीच्यांना सांगायचे की नाही, केव्हा सांगायचे, हाही त्याचाच निर्णय आहे. आपण प्रेमापोटी मावशीजवळ मन मोकळे केले, तरी तो विश्वासघातच असतो. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, एखाद्याची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली आहे आणि नोकरी, शिक्षण, उपचार ह्यांत भेदभाव करण्यासही.

टीबीच्या प्रतिबंधक गोळ्यांची एक सोय अशी की, त्या टीबी रुग्णाच्या घरातल्या कोणालाही दिल्या जातात, त्यामुळे केवळ त्या गोळ्यांवरून एचआयव्ही ओळखू येत नाही. विचारणाऱ्यांना ‘डॉक्टरांनी टीबी होऊ नये म्हणून दिल्या आहेत’ असे सांगितले तर ते खरेही असते आणि पुरेसेही. घरात कोणाजवळच बोलता येत नसेल, तर 1097 हा एचआयव्हीविषयीच्या माहितीचा मोफत क्रमांक आहे, आणि टीबीसाठी 1800-11-6666.

टीबी झालाच तर

प्रतिबंध करूनही कधी टीबी होतो. त्यात रुग्णाची चूक शोधत बसू नये. औषधे मोफत असतात, उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून रुग्णाच्या खात्यात दरमहा पैसे येतात (ही रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 ऐवजी 1000 रुपये झाली आहे), म्हणून बँक खाते आणि आधारची नोंद पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. कमावते माणूस अंथरुणाला खिळले असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात, आणि प्रवास सवलतीसाठी एसटीच्या आगारात चौकशी करावी.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असते आणि ते डोल्युटेग्राविरचा प्रभाव कमी करते, म्हणून त्या काळात डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांच्या अंतराने देतात. टीबीचा दवाखाना आणि एआरटी केंद्र ह्या दोन्ही ठिकाणच्या चिठ्ठ्या दोन्हीकडे दाखवणे, ही जबाबदारी सोबतच्या माणसाने उचलावी. एआरटी नव्याने सुरू झाली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत ताप किंवा गाठी पुन्हा वाढल्यासारख्या दिसू शकतात. शरीराची प्रतिकारशक्ती जागी होत असल्याने तसे घडते, तरी डॉक्टरांना दाखवावे आणि औषध मनाने बंद करू नये. टीबीचा उपचार ज्या दिवशी पूर्ण होईल, त्याच दिवशी ‘आता प्रतिबंधक गोळ्या कधी सुरू करायच्या?’ हे विचारून घ्यावे, कारण टीबी एकदा होऊन गेल्याने तो पुन्हा होणार नाही असे नसते. आणि त्या आठवड्याच्या रविवारीही चहाबरोबर ते चार प्रश्न विचारावेत.